शंभरीची गोळी आणि मांड्यांतले बळ

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून नाशिकला राहतो. मला मधुमेह नाही. रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे. अमेरिकेत असलेल्या माझ्या पुतण्याचा आग्रह आहे की, तिकडे निरोगी माणसेही दीर्घायुष्यासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेतात, तेव्हा मीही ते सुरू करावे आणि दिवसातून एकदाच जेवावे. आम्ही शाकाहारी आहोत. मी हे करावे का?

उत्तर : मधुमेह नसताना केवळ आयुष्य वाढावे म्हणून मेटफॉर्मिन घेऊ नये आणि आपल्या वयाला एकभुक्त राहणेही मला योग्य वाटत नाही. मात्र आपल्या पुतण्याचे म्हणणे अगदीच हवेतले नाही, म्हणून कारणे जरा विस्ताराने देतो.

या औषधाभोवतीची चर्चा वाढली ती २०१४ साली ब्रिटनमधील रुग्णनोंदींवरून झालेल्या एका अभ्यासामुळे. केवळ मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही हे मधुमेह नसलेल्या समवयस्कांपेक्षाही किंचित अधिक जगतात, असे त्यात दिसले होते. ऐकणाऱ्याने चकित व्हावे असाच हा निष्कर्ष होता. परंतु ज्या रुग्णांचा आजार बळावला आणि ज्यांना दुसरे औषध जोडावे लागले, ते त्या टप्प्यावर हिशेबातून वगळले गेले होते, त्यामुळे शेवटपर्यंत हिशेबात उरले ते मुळातच सौम्य आजाराचे रुग्ण. पुढे २०२२ साली डेन्मार्कमधील नोंदींवर हीच तुलना पुन्हा केली गेली, तेव्हा तो लाभ आढळला नाही. उंदरांवरही अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी मिळून पद्धतशीर चाचणी घेतली; तेथे एकट्या मेटफॉर्मिनने आयुर्मान लक्षणीय वाढले नाही. (त्याच तीन प्रयोगशाळांत २००९ साली रॅपामायसिन या औषधाने मात्र उतारवयातल्या उंदरांचेही आयुष्य वाढले होते. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारे, अवयवरोपणानंतर देण्याचे औषध आहे. पुतण्याचा पुढचा निरोप त्याविषयी आला, तरी उत्तर नकारार्थीच समजावे.)

आपल्या बाबतीत मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी पुढेच आहेत. पहिली म्हणजे, ६५ वर्षांवरील निरोगी स्त्रीपुरुषांना १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम देऊन त्यांतील निम्म्यांना मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी देण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे स्नायू अधिक वाढले. याचा अर्थ, म्हातारपणी ज्याचा सर्वाधिक उपयोग होतो त्या व्यायामाचे फळ हे औषध कमी करू शकते. दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास या जीवनसत्त्वाचे शोषण घटते, आणि शाकाहारी माणसाकडे त्याचा साठा आधीच तुटपुंजा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. पायांना मुंग्या येणे, तळव्यांची संवेदना बोथट होणे, अंधारात तोल जाणे ही त्या कमतरतेची लक्षणे आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. मेटफॉर्मिन न घेताही आपण एकदा ब-१२ची तपासणी अवश्य करून घ्यावी. ज्यांना मधुमेहासाठी हे औषध दिले गेले आहे, त्यांनी मात्र हे वाचून ते परस्पर बंद करू नये. तो वेगळा हिशेब आहे.

आता एकभुक्ताविषयी. आहार कमी केल्याने प्रयोगशाळेतले उंदीर अधिक जगतात, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. माणसांवरील सर्वांत काटेकोर प्रयोग अमेरिकेत दोन वर्षे चालला. त्यात उष्मांक २५ टक्क्यांनी घटवण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच घट साधली. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले हे खरे, पण त्याबरोबर स्नायू आणि हाडांची घनताही काही प्रमाणात घटली. शिवाय त्या प्रयोगात एकही माणूस ५० वर्षांवरील नव्हता. ६८ व्या वर्षी गेलेला स्नायू परत मिळवणे जड जाते, म्हणून तो राखण्याकडे लक्ष द्यावे. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घेण्यास माझी काहीच हरकत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. स्मरणशक्ती उत्तम आहे, पण दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून आम्ही त्यांना काहीच करू देत नाही. पाणीसुद्धा जागेवर देतो. आता त्यांना खुर्चीतून उठायलाही आधार लागतो. या वयात व्यायामाने काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो. बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात दहा अशक्त वृद्धांना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम देण्यात आला. त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातली काठीही सोडली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत मिळवलेल्या ताकदीपैकी बरीचशी ओसरली, हेही त्यात नोंदवलेले आहे. म्हणून हे महिनाभराचे काम नव्हे.

सासूबाईंना जागेवर पाणी देण्यामागची तुमची माया मला समजते, परंतु बसून राहिल्याने मांड्या दुबळ्या होतात आणि त्यामुळेच पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. आधी डॉक्टरांकडून हृदय, गुडघे, नजर आणि औषधे तपासून घ्यावीत. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, तेव्हा त्या चालू असल्यास तसे सांगावे. त्यानंतर हात असलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, समोर कोणीतरी उभे राहावे आणि सासूबाईंनी सावकाश उठून सावकाश बसावे. बसताना धप्पकन अंग टाकू नये. खाली येण्याचा वेग आवरण्यातच मांडीचे खरे काम होते. सुरुवातीला हातांचा आधार घेत पाच वेळा पुरे. पुढे आधार हळूहळू कमी करावा आणि उठबस वाढवावी. शक्य असल्यास पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टना घरी बोलवावे. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवून घ्यावा.

आहाराकडेही पाहावे. या वयातल्या पुष्कळ बायका दात नाहीत, भूक नाही म्हणून दोन्ही वेळा दूधभात किंवा मऊ भात खाऊन उठतात, आणि त्यातून प्रथिने फारच थोडी मिळतात. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे ५० किलो वजनाला ५० ते ६० ग्रॅम. दुधाच्या एका पेल्यातून ६-७ ग्रॅमच मिळतात. घट्ट वरण, मऊ शिजवलेली मुगाची उसळ, दही, पनीर आणि चालत असल्यास अंडे, असे काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.