बाळंतपणानंतरचं रडू: ‘हार्मोनचं आहे’ असं किती दिवस म्हणायचं?

तुमच्या बहिणीला बाळंत होऊन सात आठवडे झाले. ती रोज रडते, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही. आई म्हणत होत्या, ‘हार्मोनचं आहे, सव्वा महिन्यात जाईल’, तर आता सव्वा महिनाही उलटला. हार्मोनची टेस्ट करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझी उभी नोकरी प्रसूती विभागात सिस्टर म्हणून गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची टेस्ट करू नका, पैसे वाया जातील. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 करून घ्या. आणि रिपोर्टची वाट न बघता याच आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. गरोदरपणात ही दोन्ही हार्मोन्स मुख्यतः वारेतून येतात आणि शेवटच्या महिन्यांत त्यांची पातळी नेहमीच्या कित्येक पट असते. वार पडली की ती धाडकन खाली येते, काही दिवसांत पार गरोदरपणाच्या आधीसारखी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाला निम्म्याहून जास्त बायकांना उगाच रडू येतं ते याच सुमारास. आपल्याकडे पाचवीही नेमकी तेव्हाच. पाहुणे जमलेले, सटवाईची पूजा मांडलेली आणि बाळंतीण भिंतीला टेकून हुंदके देतेय. त्यात मुलगी झालेली असली की एखादी मावशी हटकून म्हणणार, ‘लक्ष्मी आली तर रडतेस काय?’ तिचं तिलाच माहीत नसतं ती का रडतेय. हे रडू साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. सातव्या आठवड्यातल्या रडण्याला मात्र हे कारण पुरत नाही.

आता टेस्ट का नको ते सांगते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. मेंदू शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, ते काम करतं, झोपेच्या बऱ्याच गोळ्याही त्याच रिसेप्टरवर काम करतात. नऊ महिने मेंदू त्या भरपूर पुरवठ्याशी जुळवून घेतो आणि मग पुरवठा एकदम आटतो. बहुतेकींचा मेंदू पुन्हा जमवून घेतो, काहींना ते जमत नाही. 2000 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गरोदर नसलेल्या 16 बायकांना गरोदरपणासारखे हार्मोन देऊन मग त्यांच्या नकळत ते बंद केले. आधीच्या बाळंतपणात नैराश्य आलेल्या 8 जणींपैकी 5 जणींचं मन पुन्हा ढासळलं. ज्यांना तसा त्रास कधी झाला नव्हता त्या 8 जणींपैकी एकीलाही काही झालं नाही. हार्मोनची घसरण सगळ्यांना सारखीच होती. म्हणजे फरक मेंदूच्या संवेदनशीलतेत असतो आणि तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये उमटत नाही. याच द्रव्यावर बेतलेली औषधं अमेरिकेत मंजूर झाली: 2019 मध्ये साठ तास शिरेतून द्यायचं एक, जे पुढे कंपनीने बंद केलं, आणि 2023 मध्ये चौदा दिवसांच्या गोळ्या.

थायरॉइडचं वेगळं. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत त्याचं हार्मोन वाढून धडधड, चिडचिड, झोप उडणं. पुढे चौथ्या ते आठव्या महिन्यात ते कमी होऊन सुस्ती आणि उदासी. म्हणून आत्ता टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ताची टेस्ट, नॉर्मल आला तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात परत करा. बऱ्याच घरांत ही दुसरी टेस्ट राहूनच जाते.

आणि सगळं खापर हार्मोनवरही फोडू नका. गोव्यातल्या आयांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं तेव्हा 23 टक्के जणींना नैराश्य होतं. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्यातली मोठी कारणं, आणि मुलगी झाली की त्यांचा भार आणखी वाढायचा. घरातली ही कारणं गोळीने जात नाहीत. तिला माहेरी अजून राहायचंय की सासरी जायची घाई केली जातेय, बारशात कोण काय बोललं, हे तिला एकटीला गाठून विचारा.

‘काय होतंय?’ म्हटलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? हसू येतं का? जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?’ शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सल्ल्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. दोन-दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, अखंड बडबड, कुणीतरी बाळ बदललंय असा संशय. हे हजारात एक-दोघींनाच होतं, पण ते नैराश्याहून वेगळं आणि तातडीचं. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून उतारे करत बसू नका, आणि बाळालाही तिच्याजवळ एकटं ठेवू नका.

शेक, मालिश, डिंकाचे लाडू चालू द्या, त्यांना माझा विरोध नाही. पण रात्री सलग चार-पाच तास तिला दुसऱ्या खोलीत झोपवा. काढून ठेवलेलं दूध आई किंवा बाळाचे बाबा पाजतील. औषध लागलंच तर अंगावरचं दूध तोडायला लावू नका. ती पाजतेय हे डॉक्टरांना आधीच सांगा. सर्ट्रालीन दुधात फार थोडं उतरतं, म्हणून बरेचदा तेच निवडतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर आणि बरं वाटू लागल्यावरही गोळी मनाने बंद करू देऊ नका.