वाचक विचारतात : आन्द्रेयेव्हना कोण?

प्रश्न : रशियन कादंबऱ्यांच्या अनुवादात एकाच माणसाला तीन-तीन नावं. कोण कुणाचा, हे निम्मं पुस्तक संपलं तरी कळत नाही. काही युक्ती?

उत्तर : मांडणी आपलीच आहे : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फक्त मधल्या नावाला प्रत्यय लागतो. मुलाला 'ओविच' किंवा 'येविच', मुलीला 'ओव्हना' किंवा 'येव्हना'. अंतोन पाव्लोविच चेखव, म्हणजे वडील पावेल. वडिलांचं नाव इल्या असलं तर मुलगा इलिच होतो. लेनिन इलिच, संगीतकार चायकोव्हस्कीही इलिच. नातं काही नाही, दोघांचे वडील इल्या एवढंच.

मराठी वाचक हमखास फसतो तो बायकांच्या नावात. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं लावतात; तिकडे ते जन्मभर बापाचंच. टॉलस्टॉयची बायको सोफिया आन्द्रेयेव्हना. तिच्या नावात 'लेव' शोधून उपयोग नाही, आन्द्रेय हे तिचे वडील. आडनाव मात्र नवऱ्याचं, तेही स्त्रीलिंगी करून : तोल्स्ताया. गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्कायाचा नवरा कोवालेव्हस्की, तसंच हे. 'एन्को'ने संपणारी आडनावं बदलत नाहीत. कवयित्री आख्मातोव्हा मूळची गोरेन्को, तिचे वडीलही गोरेन्कोच.

मानाने हाक मारताना आडनाव गाळून पहिली दोन नावं घेतात. घरात लाडाचं नाव : द्मित्रीचा मित्या, अलेक्सेयचा अल्योशा, इवानचा वान्या. साशा मात्र अलेक्सांद्रही असतो आणि अलेक्सांद्राही. म्हणून पुस्तकाच्या कोऱ्या पानावर प्रत्येक पात्राची तिन्ही नावं आणि लाडाचं नाव एका ओळीत लिहून ठेवा. मधलं नाव आणि आडनाव दोन्ही जुळलं, तर बहुधा भावंडं. करमाझव बंधूंपैकी द्मित्री, इवान, अलेक्सेय हे तिघेही फ्योदोरोविच आहेत. बापाचं नाव फ्योदोर.

प्रश्न : टॉलस्टॉयचा जन्म कुठे 28 ऑगस्ट 1828, कुठे 9 सप्टेंबर. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही. पहिली तारीख रशियातल्या जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेची. दुसरी आपल्या रोजच्या. जुन्या तारखेत 18व्या शतकासाठी 11 दिवस मिळवायचे, 19व्यासाठी 12, 20व्यासाठी 13. शतक बदललं की लगेच आकडा बदलत नाही, त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर बदलतो. 1900च्या जानेवारीतल्या तारखेला अजून 12च. रशियाने 1918मध्ये दिनदर्शिका बदलली : 31 जानेवारीनंतरचा दिवस थेट 14 फेब्रुवारी. त्यापुढच्या तारखांना हात लावू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा दिवस मिळवल्याने. तारखेपुढे 'जुनी' असं लिहिलंय का, ते आधी बघा. पुश्किनचं तर एकाच आयुष्यात दोन हिशेब : जन्म जुना 26 मे 1799, नवा 6 जून; मृत्यू जुना 29 जानेवारी 1837, नवा 10 फेब्रुवारी.