सहावीतल्या मुलाला वर्गातली मुलं रोज त्रास देतात, शाळा म्हणते 'चेष्टा आहे'. आम्ही काय करावं?

मी पाचवी ते आठवीला शिकवतो, त्यामुळे हा प्रकार शिक्षकाच्या बाजूने रोज बघतो. तुम्ही लिहिलंय की मुलाचा डबा लपवतात, चष्म्यावरून 'ढापण्या' म्हणतात, व्हॅनमध्ये बसायला जागा देत नाहीत, आणि वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलं आहेत, चालायचंच."

नाही चालायचं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी अशा छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: मुद्दाम केलेला, पुन्हापुन्हा होणारा, आणि ज्याच्यावर होतो त्याला उलट तोंड देता येत नाही असा. चेष्टेत पाळी फिरते. आज तू माझी उडवलीस, उद्या मी तुझी. तुमच्या मुलाकडे पाळी येतच नाही, मग ती चेष्टा कसली?

घरचे वडीलधारे म्हणतात, "एक ठेवून दे, परत नाही नादी लागणार." समोर चार जण असताना हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. शिवाय ज्या दिवशी तो हात उचलेल, त्या दिवशी ऑफिसात उभा राहील तो तुमचाच मुलगा. त्याआधी काय काय झालं ते कोणी विचारणार नाही.

आमच्याकडचा लाडका उपाय म्हणजे दोघांना स्टाफरूममध्ये बोलवायचं, 'सॉरी म्हण, हात मिळव' करायचं आणि पाठवून द्यायचं. संध्याकाळी व्हॅनमध्ये 'ढापण्या'च्या जोडीला 'चुगलखोर' लागलेलं असतं. दोघांचं भांडण असेल तर हात मिळवून मिटतं, छळ मिटत नाही. कारण तो दोघांत नसतोच, बघून हसणाऱ्या वीस जणांच्या जिवावर चालतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना सालमिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला, तो याच मुद्द्यावर उभा आहे. 2009 पासून तो तिथे देशभरातल्या शाळांत गेला. त्यात धडे सगळ्या वर्गाला असतात. एखादं प्रकरण उघडकीस आलं की शिक्षक त्रास देणाऱ्यांशी बोलतातच, पण वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार मुलांनाही बाजूला घेऊन सांगतात: याच्या सोबत राहा. कॅप्टन त्याच्या शेजारी डबा खायला बसला की निम्मं काम होतं. याला ना पैसे लागतात ना परिपत्रक.

वर्गातली एक गोष्ट तर आम्हीच बिघडवतो. "आपापले गट करा" म्हटलं की दोन मिनिटांत सगळे बाकांभोवती गोळा होतात आणि एक जण वही छातीशी धरून मधल्या वाटेत उभा राहतो. "सर, आमच्यात पाच झाले." मग आम्ही त्याला कुठेतरी ढकलतो आणि तो गट तोंड वाकडं करतो. हे सगळ्या वर्गासमोर. गट शिक्षकाने हजेरी क्रमांकानुसार पाडले तर ही वेळच येत नाही. (आणि 'बुटक्या', 'ढोल्या' अशी नावं कधीकधी शिक्षकच पाडतात, हेही सांगून टाकतो.)

म्हणून शाळेत "त्या मुलाला शिक्षा करा" एवढंच मागू नका. त्याची बाकावरची जागा बदला, मधल्या सुट्टीत नळापाशी आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर कोणीतरी मोठं माणूस ठेवा, व्हॅनवाल्या काकांना मुलांच्या जागा ठरवून द्यायला सांगा, असं नेमकं मागा. त्या दुसऱ्या मुलाच्या आईबाबांना थेट फोन नको. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच नको, तिथे प्रकरण मोठ्यांच्या अब्रूचं होतं.

घरी "आज कोणी त्रास दिला?" असं रोज विचारलं की मुलं बोलायची बंद होतात. "डबा कोणाबरोबर खाल्लास?" यातून जास्त कळतं. वर्गातला एखादा बऱ्यापैकी मुलगा रविवारी घरी खेळायला बोलवा. एक मित्र असला तरी त्रास देणारे जरा बिचकतात.

एवढ्याने नाही हललं तर लेखी. तारीख, जागा, काय झालं, कोण कोण बघत होतं, हे वहीत टिपत चला आणि त्यावरून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा. शाळा सीबीएसईची असेल तर छळ रोखण्यासाठी समिती नेमण्याबाबत मंडळाने 2015 साली सूचना दिल्या आहेत, त्या समितीत कोण आहे ते विचारा. राज्य मंडळाची असेल तर तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीची (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) चौकशी करा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. त्यानुसार लेखी तक्रारीनंतर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. पण पहिल्याच भेटीत कायद्याची भाषा काढू नका, दारं बंद होतात. जातीवरून बोलत असतील किंवा मारहाण, कपडे काढणं असलं काही असेल तर मात्र थांबू नका. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आहे.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.