बिबट्या मोजायला प्राणीशास्त्रज्ञ आहेत, मग समाजशास्त्राचं तिथं काय काम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ‘मी एम.ए. समाजशास्त्र करतेय. निसर्गसंवर्धनात काम करायचं आहे, पण सगळे म्हणतात तिथं प्राणीशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र लागतं, समाजशास्त्रवाल्यांनी फार तर जनजागृती करावी. खरंच एवढंच काम आहे का?’

नाही. आणि त्या ‘जनजागृती’ शब्दापासूनच सुरुवात करते, कारण माझं पहिलं वर्ष त्यानंच खाल्लं.

मीही समाजशास्त्रातच एम.ए. केलं आणि मग काही वर्षं जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यात बिबट्यांच्या प्रश्नावर लोकांशी बोलत फिरले. पहिल्या दौऱ्यात हातात छापील प्रश्नावली होती. ‘बिबट्याचं संरक्षण व्हावं असं तुम्हाला वाटतं का? हो / नाही / सांगता येत नाही.’ गावात उतरलो ते सरकारी जीपमधून. दोन दिवसांत साठेक घरं झाली आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. मी खूश. तिसऱ्या दिवशी जीप मिळाली नाही म्हणून एसटीनं गेले. आदल्या दिवशी ‘हो’ म्हणालेल्या एका आजींनी चहा पुढं केला, शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “काल त्या सायबापुढं काय सांगायचं बाई? दोन शेरडं नेली आमची. जगू दे त्याला, पण माझ्या दारात नको.” बशीतला चहा संपवून पुढं म्हणाल्या, “आन् ह्यो वाघ आमचा न्हाईच. ह्यो सोडलेला हाये.”

माझे साठ ‘हो’ तिथंच रद्दीत गेले. कोण विचारतंय, कुणाच्या गाडीतून आलंय, यावर उत्तर ठरतं, हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या ओट्यावर.

पण खरी गोष्ट त्या दुसऱ्या वाक्यात होती. ‘सोडलेला वाघ’ हे त्या भागात कुठंही ऐकू येतं (बिबट्याला तिकडं वाघ किंवा वाघरूच म्हणतात). रात्री गाडी येते, पिंजरा उघडतात, गाडी निघून जाते. ऐकणारे अधिकारी वैतागतात, ‘अफवा आहे’ म्हणतात. जनजागृती करणारा माणूस इथं फलक लावेल : ‘बिबटे सोडले जात नाहीत, अफवांवर विश्वास ठेवू नका.’ आपल्या विषयाचा माणूस विचारेल, लोकांना हे कधीपासून वाटतं आणि का वाटतं?

तसं विचारलं की हात थेट इतिहासाला लागतो. जुन्नर भागात फेब्रुवारी २००१ पासून वनखात्यानं खरोखरच मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत नेऊन सोडले होते. त्यात कुणावरही हल्ला न केलेले, नुसते उसात दिसले म्हणून पकडलेले बिबटेही होते. हेतू चांगला होता : प्राणी जंगलात जाईल, माणूस सुटेल. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडून २०११ साली प्रसिद्ध केला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या तिथं थांबतही नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात गळ्यात माग काढणारा पट्टा घालून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला, हे तुम्ही ऐकलं असेलच.

म्हणजे आजींची ‘अफवा’ ही एका खऱ्या धोरणाची उरलेली आठवण होती. तपशील पुढंमागं झाले असतील, पण ‘आमचा’ आणि ‘सोडलेला’ हा फरक गावानं हवेतून काढलेला नव्हता. आमचा वाघ वाटा ओळखतो, माणसाच्या वाटेला जात नाही. सोडलेल्याचा भरवसा नाही, असं ते म्हणतात. आकडेवारी जे सांगत होती तेच, वेगळ्या भाषेत.

आता वीजपुरवठ्याकडे येते. विषय सोडतेय असं वाटेल, पण हाच विषय आहे.

अकोले तालुक्यातल्या उसात लावलेल्या कॅमेऱ्यांतून दिसलं की शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे तिथं राहतात. ‘येतात’ असं मी मुद्दाम म्हणत नाही. तिथंच राहतात, तिथंच पिल्लं होतात, खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. इथवर प्राणीशास्त्र. बिबट्या रात्री हिंडतो हेही प्राणीशास्त्र. पण रात्री दोन वाजता माणूस उसात काय करत असतो? दारं धरत असतो, म्हणजे पिकाला पाणी देत असतो. कारण शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन जावंच लागतं. मोठा बागायतदार गडी पाठवतो, लहान शेतकरी स्वतः जातो, सोबतीला पोराला नेतो. घरंही आता गावठाणात उरली नाहीत, ज्याची त्याची वस्ती ज्याच्या त्याच्या मळ्यात, दारापासून दहा पावलांवर ऊस. हंगामात त्याच उसाच्या कडेला बीडकडून आलेल्या तोडणी टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांना दार नसतं, पाचटाची भिंत असते.

मग धोका सगळ्यांना सारखा कसा? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी महामार्ग अडवला. त्या गर्दीत उभं राहून ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारून बघा. माझ्या तोंडून नाही निघायचा. पण अशा वेळी पिंजरे आणि बंदूक यांच्या जोडीनं ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही मागणी लोकच करतात, आणि ती संवर्धनाचीच मागणी आहे. बिबट्यांच्या कुठल्याही मोजणीत ती सापडणार नाही.

भरपाईचंही तसंच. जनावर मेलं तर ते जागेवरून हलवायचं नाही, ठरलेल्या मुदतीत कळवायचं, पंचनामा होईल, मग पैसे खात्यावर. गोठा असलेल्या शेतकऱ्याला हे जमतं, कटकट करत का होईना. धनगराला कसं जमावं? त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, आज एका शेतात बसलेला, परवा पुढच्या गावात. मी एका मेंढपाळाला विचारलं, “यंदा किती गेली?” तो म्हणाला, “अकरा.” “पंचनामे किती?” तो हसला. त्याची कारभारीण पाठीमागून म्हणाली, “पंचनामा धरून बसलो तर बाकीची मेंढरं काय खातील?” कागदावर त्या कुटुंबाचं नुकसान शून्य. मग सरकारी आकड्यांवरून नकाशा काढला की जिथं गोठे आहेत तिथं ‘संघर्ष जास्त’ दिसतो आणि जिथून वाडे जातात तिथं सगळं शांत. असा नकाशा भिंतीवर लावलेला मी पाहिलाय. छान रंगीत होता.

माणसांचा विचार न करता प्राणी वाचवायला निघालं की काय होतं, याचा आपल्याकडचा नमुना म्हणजे माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ते जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात दोन गोवे मावतील आणि वर जागा उरेल. त्यात गावं, बाजारपेठा, लोकांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनी, सगळं. पक्षी मात्र थोड्या माळांवरच. व्यवहार, बांधकामं परवानग्यांत अडकली. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोवर तीन दशकं गेली होती. माझ्या सोलापूरकडच्या एका मित्राच्या घरी ‘माळढोक’ शिवीसारखा वापरतात. जमीन विकायची राहिली, मुलीचं लग्न अडलं, त्याचं खापर एका पक्ष्यावर. माळरानं ऊस आणि विहिरींखाली गेली, काही ठिकाणी ‘पडीक’ समजून झाडं लावली गेली, ही कारणंही आहेतच. आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते.

राजस्थानातल्या भरतपूरचं उलटं झालं. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथं म्हशी चारायला बंदी घातली, लोकांनी विरोध केला, गोळीबारात माणसं मेली. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी बंद झाल्यानं गवत माजून पाणथळ जागा बुजतायत आणि पाणपक्ष्यांना त्रास होतोय. तिथल्या गुराख्यांना आधी विचारलं असतं तर? बंदीला पाठिंबा देणाऱ्यांत सालिम अलींसारखा माणूस होता, म्हणजे पक्ष्यांचं ज्ञान कमी पडलं असं म्हणायची सोय नाही.

तात्त्विक बाजू तुम्हाला अभ्यासक्रमात येईलच, म्हणून थोडक्यात. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये मांडलं की सगळ्यांचं कुरण शेवटी उजाड होतंच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, जंगलं, पाटबंधारे तपासून दाखवलं की लोक आपसांत नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात. त्या राज्यशास्त्राच्या, नोबेल मिळालं अर्थशास्त्राचं, २००९ साली. त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यामागं वर्षानुवर्षांचे अभ्यासगट होते, सर्वसहमती होईपर्यंत लांबणाऱ्या ग्रामसभा होत्या. जंगल कोणी राखायचं याचं उत्तर त्या गावानं बैठकांत बसून काढलं. त्या बैठका कशा चालतात, बायका कधी बोलतात, गप्प कोण बसतं, हे टिपायला समाजशास्त्रवालाच लागतो.

एक सावधगिरी. या क्षेत्रात आलात की कुणीतरी तुम्हाला वाघोबा, म्हणजे वाघ-बिबट्याचा देव, दाखवेल. वारल्यांच्या वाघोबाची स्थानं अभ्यासकांनी मोजली, दीडशे भरली. वाघबारसेला तिथं पूजा होते, नैवेद्य होतो. ते बघून ‘आदिवासी मुळातच निसर्गप्रेमी’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. वाघोबाशी नातं हे बरंचसं सौद्याचं आहे : तुझं तुला देतो, माझं मला ठेव. त्यात भीती आहे, राग आहे, मानपान चुकलं तर तो शिक्षा करतो ही समजूतही आहे. त्याचं पोस्टर केलं की नातं गायब होतं आणि फक्त चित्र उरतं.

शेवटी तुमच्या कामाचं. बंगळुरूच्या ‘अत्री’सारख्या (ATREE) पर्यावरण-संशोधन संस्थेत सामाजिक शास्त्रांतून संवर्धनाकडे जाणाऱ्यांना पीएच.डी. करता येते, तिथं बघा. थोडं प्राणीशास्त्र शिकावं लागेल. ठसे ओळखता आले नाहीत तर गावातली पोरंसुद्धा तुम्हाला किंमत देणार नाहीत. आणि प्रबंधाचा विषय ठरला नसेल तर मेंढपाळांच्या न झालेल्या पंचनाम्यांचा घ्या. दिवाळीनंतर एखाद्या वाड्याबरोबर पंधरा दिवस चाला. प्रश्नावली नेऊ नका, चांगली बॅटरी न्या.