वर्षावनातले योगशिबिर आणि श्वासावरची जबरदस्ती

अहिंसक जगणे शिकवणाऱ्या, वर्षावनात भरणाऱ्या निवासी योगशिबिरांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेते आहे.

प्रश्न: श्वसनसत्रात बराच वेळ जोरजोरात श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या आल्या, हात आकडले, रडू कोसळले. ‘अडकलेली ऊर्जा मोकळी होतेय, थांबू नका,’ असे शिक्षक म्हणाले. हे खरे का?

मुंग्यांचे कारण शरीरशास्त्रात आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. रक्त अल्कधर्मी होते, त्यातले मुक्त कॅल्शियम कमी होते आणि नसा चटकन उत्तेजित होऊ लागतात. मग बोटे वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगरते, आजूबाजूचे सारे लांब गेल्यासारखे वाटते. वेग कमी केला की हे सहसा काही मिनिटांत ओसरते.

रडू येणे मी खोटे मानत नाही. दाबून ठेवलेले बरेच काही अशा वेळी वर येते आणि तेव्हा जवळ समजूतदार माणूस लागतो. माझा आक्षेप आहे तो ‘थांबू नका’ या दोन शब्दांना. शरीर नको म्हणत असताना त्याला पुढे रेटणे ही हिंसाच आहे. पतंजलींच्या अष्टांगात, म्हणजे योगाच्या आठ अंगांत, यम (संयमाचे नियम) पहिला, यमांमध्ये अहिंसा पहिली आणि प्राणायाम थेट चौथा. हठयोगाच्या परंपरेतही प्राणाला सिंह, हत्ती, वाघ यांच्यासारखे हळूहळू वश करावे, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा दिलेला आहे. पुन्हा असे झाले तर डोळे उघडा, नाकाने सावकाश श्वास घ्या, सोडताना तो जरा लांबवा. शिक्षकांची परवानगी मागत बसू नका.

प्रश्न: मला पूर्वी फिट्स येत असत. आता गोळ्या चालू आहेत. असे सत्र चालेल का?

नाही. ईईजी या मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीत मेंदूतली झटक्याची प्रवृत्ती उघड व्हावी म्हणून रुग्णाला मुद्दाम जोराने श्वास घ्यायला लावतात, यावरून काय ते समजा. गर्भारपण, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा गंभीर मानसिक आजार असला तरीही वेगवान श्वसन आणि श्वास रोखणे टाळा. श्वास न रोखता केलेले संथ श्वसन बहुतेकांना चालते, तरी आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. वनातून दवाखाना लांब असतो.

प्रश्न: अहिंसेचे व्रत घेऊन गेल्यावर डास आणि जळवांचे काय करायचे?

मारण्याची वेळच येणार नाही अशी तयारी करा. अंगभर कपडे आणि मच्छरदाणी हवीच. डेंग्यूचे डास दिवसाही चावतात, म्हणून पहाटेच्या ध्यानाला बसतानाही अंग झाका. डास पळवणारे मलम जरूर लावा, पण ते अंगावर असताना ओढ्यात उतरू नका. बेडकांची त्वचा पाण्यातले पदार्थ सहज शोषते. जळू चिकटली तर नख तिच्या तोंडाशी सरकवून अलगद सोडवा. मीठ किंवा चटका दिला तर ती पोटातले जखमेत ओकू शकते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम थोडा वेळ वाहत राहील. घाबरू नका, स्वच्छ धुऊन दाबून धरा. इतके करूनही हातून एखादा डास मेला, तर त्यापायी रात्रभर स्वतःला टोचत राहू नका.

प्रश्न: शिबिर खरोखर अहिंसक आहे हे कसे ओळखावे?

पतंजली हिंसेचे तीन प्रकार सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. तुमच्या चटईखालच्या लाकडी ओट्यासाठी झाडे पडली असतील तर ती करवलेली हिंसा. अनेक वर्षावनांत बरेचसे पोषण झाडांत आणि मातीच्या पातळ वरच्या थरातच असते. एकदा रान साफ केले की ते पुन्हा उभे राहायला फार काळ लागतो. म्हणून थेट विचारा: बांधकाम कुठे केले, सांडपाणी कुठे जाते, जमीन आधी कोण वापरत होते, स्वयंपाक-सफाई करणाऱ्यांना सुट्टी आणि पुरेसा मोबदला मिळतो का? आसन सुधारताना अंगाला हात लावण्याआधी विचारतात का, हेही विचारा. मी तर या शेवटच्या उत्तरावरच बरेचसे ठरवते.

आणखी एक. अहिंसेचे व्रत जात, देश, काळ, प्रसंग यांनी बांधलेले नसावे, असे पतंजलींचे सूत्र आहे. भाष्यकार त्यावर कोळ्याचे उदाहरण देतात: माशांपुरतीच हिंसा, इतरत्र नाही. वनातल्या आठवड्यापुरती अहिंसा हीदेखील त्याच जातीची सवलत झाली.

प्रश्न: धबधब्याखालच्या डोहात श्वास रोखण्याचा सराव ठेवला आहे. करू का?

मुळीच नको. आधी वेगाने श्वास घेतला असेल तर कार्बन डायऑक्साइड इतका उतरलेला असतो की श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा येते. त्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपू शकते, आणि कमरेएवढ्या पाण्यातही माणूस आवाज न करता बुडतो. पोहता येणाऱ्यांनाही हा धोका तेवढाच आहे. आयोजकांना लेखी कळवा की तुम्ही त्या सत्राला येणार नाही, आणि सोबतच्यांनाही कारण सांगा.