विद्यार्थी-विनिमयातील पदयात्रा हा खरोखर अभ्यास असतो का?

आपण जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहात आणि विद्यापीठाने तीन देशांच्या विद्यार्थ्यांसाठी स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राच्या वाटेवर पायी चालण्याचा अल्पकालीन कार्यक्रम जाहीर केला आहे. ‘समान युरोपीय वारसा’ या नावाखाली ही केवळ सहल तर होणार नाही ना, असे आपण विचारले आहे. याच वाटेवर अशाच एका कार्यक्रमात मी विद्यार्थिनी म्हणून चालले आहे. माझे मत असे की आपण जावे. मात्र चालणे हीच जिथे अभ्यासाची पद्धत आहे, असा कार्यक्रम निवडावा. बसने गावोगाव फिरवून मधे थोडेसे चालवणाऱ्या कार्यक्रमातून फारसे काही हाती लागत नाही.

सांतियागोची वाट या कामासाठी निवडली जाते, त्याला कारण आहे. येशूचा शिष्य संत याकोब याच्या सांतियागोतील समाधीकडे जाणारे यात्रेकरू मध्ययुगात फ्रान्स, जर्मनी, इटली, इंग्लंड अशा अनेक देशांतून येत असत आणि त्यांच्या सोयीसाठी पूल, धर्मशाळा, रुग्णालये, मठ आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या. पुएंते ला रेइना येथील अकराव्या शतकातला दगडी पूल यात्रेकरूंसाठीच बांधलेला आहे. पुढे यात्रेकरू कमी झाले आणि वाटेच्या खुणाही पुसट झाल्या. ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984च्या सुमारास दगडांवर, भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर पिवळे बाण रंगवायला घेतले, आणि आजही यात्रेकरू त्याच बाणांच्या आधाराने चालतात. ऑक्टोबर 1987मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला ‘युरोपीय सांस्कृतिक मार्ग’ घोषित केले. आज युरोपीय संघ चालवत असलेली, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एरास्मस योजनाही त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झाली होती. युरोप परिषद आणि युरोपीय संघ या दोन वेगळ्या संस्था आहेत, तरीही हे दोन्ही निर्णय एकाच काळाच्या मनःस्थितीतून आले असावेत, असे मला वाटते.

आमचे चालणे ओ सेब्रेइरोपासूनच सुरू झाले. तेथे ‘पायोसा’ नावाची जुनी घरे जतन केलेली आहेत: गोलसर आकार, बुटक्या दगडी भिंती, आणि राय या धान्याच्या पेंढ्याने शाकारलेले उतरते छप्पर. पूर्वी माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. घराला धुराडे नसे. चुलीचा धूर पेंढ्यातूनच बाहेर झिरपे. आम्ही आत उभे असताना पोलंडच्या तात्रा डोंगराकडून आलेल्या एका सहाध्यायिनीने सांगितले की त्यांच्याकडे मेंढपाळ आपल्या लाकडी झोपडीत ओस्त्सिपेक नावाचे चीज असेच छताखालच्या धुरात ठेवतात. त्यावर इटलीच्या विद्यार्थ्याने आपल्या आजोळच्या डोंगरातल्या, चेस्टनट वाळवण्याच्या दगडी खोपटाची माहिती दिली, आणि रस्ताभर आमची चर्चा धूर, थंडी आणि हिवाळ्याची बेगमी यांवरच चालली. समान वारसा म्हणजे केवळ राजे आणि कॅथेड्रल नव्हेत, हे मला त्या दिवशी पटले. अशी चर्चा वर्गात होणे कठीण आहे, कारण वर्गात वेळ मोजलेला असतो. चालताना मात्र माणूस तासन् तास बरोबर असतो. आपल्याकडच्या दिंडीत सगळे एका क्रमाने चालतात; इथे जो तो आपापल्या चालीने चालतो आणि मुक्कामाला सगळे भेटतात, त्यामुळे दर दिवशी सोबती बदलत राहतात.

हा वारसा निखळ सलोख्याचा नाही, हेही ध्यानात ठेवावे. इसवी सन 997मध्ये दक्षिण स्पेनमधील कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनापती अल-मन्सूर याने सांतियागो लुटले आणि तेथील घंटा बंदी ख्रिश्चनांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या; 1236मध्ये ख्रिश्चनांनी कोर्दोबा जिंकल्यावर त्याच घंटा मुस्लिम बंदिवानांच्या खांद्यांवरून परत आणल्या, असे इतिवृत्ते सांगतात. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये याकोबाची घोड्यावर स्वार, मूर म्हणजे त्या काळच्या मुस्लिम लोकांना तुडवणारी एक मूर्ती आहे आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या मूरांच्या आकृती फुलांनी झाकलेल्या असतात. ती फुले तिथे असावीत की नसावीत, यावर आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत वाद झाला. गटात मोरोक्कन वंशाची एक फ्रेंच विद्यार्थिनी होती आणि तिचे म्हणणे सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले. ज्या कार्यक्रमात अशा बाजूंना जागा दिलेली नसते, त्याला मी अपुरा म्हणेन.

आता व्यवहाराचे. आपला कार्यक्रम एरास्मसच्या ‘ब्लेंडेड इंटेन्सिव्ह’ प्रकारातला असल्यास प्रत्यक्ष मुक्काम 5 ते 30 दिवसांचा असतो, त्याला ऑनलाइन अभ्यासाची जोड सक्तीची असते आणि किमान 3 क्रेडिट मिळतात. येथे राष्ट्रीयत्व आड येत नाही, विद्यापीठातील नोंदणी पुरेशी ठरते. जर्मनीच्या वैध निवास-परवान्यावर स्पेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे आणि बूट आधीच पायात रुळलेले असावेत. आपण शाकाहारी असाल तर गालिसियात, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथे, थोडी अडचण होते, कारण भाज्यांच्या सुपातही बहुधा डुकराची चरबी असते. अंडी चालत असतील तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, जवळपास सगळीकडे मिळते, शिवाय पाव, चीज आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या असतातच.

अर्ज भरण्यापूर्वी समन्वयकांना रोज किती किलोमीटर चालायचे आहे, संध्याकाळच्या चर्चेसाठी वेळ राखून ठेवला आहे का, आणि मुक्कामाची जागा आधी ठरवलेली आहे का, हे अवश्य विचारा. गालिसियातील सरकारी धर्मशाळांमध्ये आरक्षण होत नाही. जो आधी पोहोचेल त्याला खाट मिळते. त्यामुळे मोठ्या गटाची सोय खासगी धर्मशाळेत केलेली नसेल, तर सगळा दिवस पुढच्या मुक्कामाकडे धावण्यात जातो आणि वाटेत थांबून पाहणे राहूनच जाते.