युरोपात हॉटेल शहराच्या मध्यात घ्यावं, की बाहेर स्वस्तात?

तुम्ही लिहिलंय की सासू-सासऱ्यांना घेऊन मेमध्ये व्हेनिस, रोम आणि पॅरिस करताय, शहराबाहेर राहिलं तर रोजचे आठ-दहा हजार वाचतात, तर काय करावं?

मध्यातच राहा. पैसे पुरत नसतील तर तीनातलं एक शहर गाळा, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर राहू नका. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२४च्या मेमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो. आई, दादा, वहिनी, माझा नवरा आणि मी. आई तेव्हा एकाहत्तरची. दोन्ही गुडघे दुखतात, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. व्हेनिसचं बुकिंग दादाने केलं, रोमचं मी. दादाने मेस्त्रेला खोल्या घेतल्या. मेस्त्रे हे व्हेनिसचंच, पण जमिनीवरचं उपनगर. मधे पाणी आणि त्यावरचा लांबलचक पूल, ट्रेनने दहा-बारा मिनिटं. मी बेटावरच्या दोन खोल्या काढून दाखवल्या होत्या, त्या रात्रीला ९० युरोंनी महाग होत्या. तीन रात्रींचे २७०. दादा म्हणाला, "आपण जन्मभर डोंबिवलीहून व्हीटी केलंय, दहा मिनिटांचं काय घेऊन बसलीस?" मी गप्प बसले. ते चुकलंच.

दहा मिनिटं खरीच आहेत, पण ती फलाटापासून फलाटापर्यंतची. त्याआधी हॉटेलपासून स्टेशन. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर उतरल्यावर सान मार्कोपर्यंत, म्हणजे तिथल्या मुख्य चौकापर्यंत, अर्ध्या तासाहून जास्त चाल, आणि वाटेत पुलामागून पूल. व्हेनिसचा पूल म्हणजे पायऱ्या. चढायच्या आणि लगेच उतरायच्या. रिक्षा नाही, बस नाही, सायकलसुद्धा नाही. चालवत नसेल तर व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यातली बस, एका खेपेला माणशी साडेनऊ युरो.

पहिल्या दिवशी सकाळ छान गेली. आईने बॅसिलिकाची, म्हणजे सान मार्कोच्या मोठ्या चर्चची, सोनेरी छतं मान दुखेपर्यंत पाहिली. दीड वाजता जेवलो आणि तिचे पाय संपले. दुपारी जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. खोली जवळ असती तर तिला सोडून आलो असतो. पण खोली मेस्त्रेला. बोट, ट्रेन, चाल मिळून सव्वा तास जायला, तेवढाच परत यायला. एकदा गेली की ती त्या दिवशी पुन्हा बाहेर पडली नसती. दादा म्हणाला, इथेच बसू घटकाभर. चौकाभोवतीच्या कमानींखाली एक पायरी सावलीत होती, तिथे आई टेकली. चपला काढल्या, गुडघ्याचा पट्टा सैल केला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दोन घोट घेते न घेते तोच एक गणवेशातली मुलगी आली आणि नम्रपणे म्हणाली, इथे बसता येत नाही, उठा. नियम आहे तो. सान मार्कोच्या चौकात जमिनीवर, पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंडही होतो. त्या मुलीची काही चूक नव्हती, तिने आईला हात देऊन उठवलंसुद्धा. पण आईचा चेहरा मी विसरत नाही. चपलेत पाय सारताना हळूच मला म्हणाली, "देवळाची पायरी होती का गं ती?"

चौकातल्या कॅफेत बसायला ती तयार होईना. तिथे कॉफीचे पैसे वेगळे आणि वाजंत्र्यांचे वेगळे. मग पाऊण तास ती एका खांबाला टेकून उभी होती आणि आम्ही चौघं आळीपाळीने घड्याळ बघत होतो. चौकाच्या मागेच, पाण्याच्या बाजूला जार्दिनी रेआली नावाची बाग आहे आणि तिथे बाकं आहेत, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही आधीच लक्षात ठेवा.

संध्याकाळ तिन्ही दिवस हुकली. दिवसभराचे पर्यटक निघून गेले की व्हेनिस शांत होतं म्हणतात, गल्ल्यांत पावलांचे आवाज ऐकू येतात. आम्ही त्या वेळी मेस्त्रेच्या गाडीत. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पायऱ्यांवर आई दादाला म्हणाली, "इथेही गाडीच पकडायची का रे?"

आता हिशेब, कारण दादा अजून घरच्या ग्रुपवर लिहितो की मी २७० युरो वाचवले. ट्रेनचं तिकीट दीड युरोच्या आसपास, पाच माणसं, तीन दिवस जाऊन-येऊन, म्हणजे ४५. बोटीच्या चार खेपा, एका खेपेचे पाच जणांचे साडेसत्तेचाळीस, म्हणजे १९०. त्या चारही खेपा स्टेशन गाठण्यासाठी होत्या, गंमत म्हणून एकही नाही. झाले २३५. उरले ३५. माणशी सात युरो, तेव्हाचे सहाशे-साडेसहाशे रुपये. दादा म्हणतो पास काढायला हवे होते. तीन दिवसांचा पास माणशी ४५ युरोंचा आहे, म्हणजे पाच जणांचे २२५. तो हिशेब त्याने स्वतःच करून बघावा.

रोमला मी मोंती भागात फ्लॅट घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट आधी फोटोत बघून घेतलेली. कोलोसियम चालत दहा मिनिटं, कावूर मेट्रो स्टेशन खालीच. दोन वाजता आई खोलीवर यायची, मी मुगाची खिचडी टाकायचे, ती खाऊन पाच वाजेपर्यंत झोपायची आणि संध्याकाळी पुन्हा साडी बदलून तयार. त्या चार दिवसांत तिने जेवढं पाहिलं तेवढं व्हेनिसच्या तीन दिवसांत अर्धंही नाही. मोंतीच्या छोट्या चौकात एक कारंजं आहे, त्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी सगळी गल्ली येऊन बसते. पोरं, कुत्री, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. आई पहिल्या दिवशी बसेना. मला विचारत राहिली, इथे चालतं ना? तिच्या शेजारच्या एका आजीबाईंनी सरकून जागा करून दिली, तेव्हा बसली. नंतर रोज सात वाजले की स्वतःच म्हणायची, चला कारंज्यावर. (त्याच रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र २०१९पासून बसू देत नाहीत, तिथे सासूबाईंना टेकू देऊ नका.)

माझ्या निवडीतही एक चूक होती. खाली बार होता, रात्री एक वाजेपर्यंत कालवा. दादा ते सांगायला विसरत नाही, आणि ते खरंच आहे. तेव्हा खोली रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे, हे घर देणाऱ्याला विचारून घ्या. आतली मिळाली तर तीच.

तुमच्यासाठी बाकीचं थोडक्यात. "सेंट्रल" या शब्दावर जाऊ नका, पत्ता नकाशात टाकून पायी किती ते बघा. व्हेनिसमध्ये पायी अंतर काढलंत तर वाटेतले पूल मोजा. तिथल्या कान्नारेजो भागात स्टेशनच्या बाजूला राहिलात तर बॅगा घेऊन फार पूल लागत नाहीत. रोमच्या गल्ल्यांत काळ्या दगडी चिऱ्यांची फरसबंदी आहे, लहान चाकांच्या बॅगा तिथे रडवतात. लिफ्ट "आहे" एवढ्यावर थांबू नका, कुठून सुरू होते ते विचारा. पॅरिसच्या जुन्या इमारतींत ती कधी कधी पाच-सात पायऱ्या चढल्यावर येते आणि तिच्यात एक माणूस आणि एक बॅग मावली तर नशीब. पॅरिसच्या मेट्रोत चौदा नंबरची लाइन सोडली तर जिन्यांना पर्याय फारसा नाही, म्हणून तिथे घर मेट्रोजवळ बघण्यापेक्षा बसच्या थांब्याजवळ बघा. बसमध्ये चढायला सोपं आणि खिडकीतून शहरही दिसतं. शाकाहारी असाल तर गार दु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ लोकांची दुकानं आणि डोसे मिळतात. जेवायला जा, राहायला तो भाग मी घेणार नाही.

शहर कर बुकिंगच्या रकमेत बहुतेक धरलेला नसतो, तो तिथे गेल्यावर मागतात. रोममध्ये तीन-तारांकितला माणशी रात्रीला सहा युरो आहे, म्हणजे चौघांचे चार रात्रींचे ९६. व्हिसासाठी बुकिंग दाखवावं लागतंच, तेव्हा पैसे न कापता रद्द करता येईल असंच घ्या.

आणि दादाच्या बाजूने दोन गोष्टी, नाहीतर तो म्हणेल की मी एकतर्फी लिहिलं. व्हेनिसने २०२४पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलंय, पण मेस्त्रे त्याच महापालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असला तर ते माफ होतं. फक्त आधी ऑनलाइन नोंद करावी लागते. दुसरं म्हणजे, पंचविशीतली पोरं पाठीवर एक सॅक घेऊन जात असतील तर मेस्त्रेला खुशाल राहा, हे सगळं त्यांच्यासाठी नाही.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाचं चाललंय. दादाने परवाच एका हॉटेलची लिंक पाठवली, यू-बानच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, पार शेवटच्या स्टेशनजवळ, अर्ध्या किमतीत. व्हिएन्नात सगळ्या यू-बान स्टेशनांवर लिफ्ट आहे, त्यामुळे या वेळी मला लगेच नाही म्हणता आलं नाही. मी एवढंच लिहिलं की आईला दुपारी दोन वाजता खोलीवर कसं आणणार, ते दारापासून दारापर्यंत मिनिटं मोजून सांग, मग बुक कर. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.